एस्टीमला स्टँडअलोन ईसीयू कुठला घ्यावा, ट्यूनिंग कुणाकडे करावं? (बडोदा, बजेट ६० हजार)

करेलीबाग_एस्टीम
मंडळी, सल्ला हवाय. गाडी २००२ ची मारुती एस्टीम, आत जुन्या बलेनोचं डिस्ट्रिब्युटरवालं १६०० इंजिन, आरसीवर चढवलेलं आहे. कॅम बदललाय, एक्झॉस्टला ४-२-१ हेडर लावलाय. आता भंगारात मिळालेल्या बाईकच्या चार थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपा) बसवतोय, त्या इंजिनाला जोडणारा मॅनिफोल्ड मकरपुरा जीआयडीसीत बनतोय. कंपनीचा ईसीयू (इंजिनचं पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणारा कॉम्प्युटर) इथे कामाचा नाही, त्याची जागा पूर्णपणे घेणारा स्टँडअलोन हवा, हे कळतंय. रविवारी हायवे आणि जमलं तर ऑटोक्रॉस, एवढाच वापर. बजेट ६० हजार, ट्यूनिंगसकट. त्याच्यावर जाता येणार नाही.

मांजलपूर_१६व्ही
हॉल्टेक एलिट ५५० ईसीयू घे आणि मोकळा हो. माझ्याकडे तोच आहे. ऐन थंडीत एका सेल्फला गाडी उठते, एसी लावला तरी आयडल हलत नाही. कस्टम ड्यूटी धरून लाखाच्या वर जाईल, पण एकदाच खर्च.

करेलीबाग_एस्टीम
दादा, ६० हजार लिहिलंय.

मांजलपूर_१६व्ही
मग सहा महिने थांब. स्वस्तातला डबा, म्हणजे ईसीयू, लावून इंजिनाची वाट लावलेले मी पाहिलेत.

जुनी_जिप्सी
एवढं कशाला? पिगीबॅक लावा. माझ्या ड्यूकवर बंगळुरूचं पॉवरट्रॉनिक आहे, कप्लर जोडला की झालं. गाडीत फरक लगेच जाणवतो.

छाणी_टर्बो
ड्यूक आणि चार थ्रॉटल बॉडीची एस्टीम यांत काय संबंध, भाऊ? पिगीबॅक मूळ ईसीयूचेच सिग्नल इकडे-तिकडे करतो. या सेटअपमध्ये थ्रॉटल जरासं उघडलं की व्हॅक्यूम संपतो, मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) भरवसा राहत नाही. पेट्रोल किती सोडायचं हे थ्रॉटल पोझिशन आणि आरपीएमवरून ठरवावं लागतं, म्हणजे अल्फा-एन. त्याला स्टँडअलोनच पाहिजे. मी लिंकचा ईसीयू वापरतो. न्यूझीलंडची कंपनी, सॉफ्टवेअर फुकट. लिंकच घ्या.

राजमहाल_रोड
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कुणी वाचलंय का? परवानगीशिवाय गाडीत बदल करणं गुन्हा आहे. माझ्या मावसभावाचा क्लेम विमा कंपनीने याच कारणावरून नाकारला.

छाणी_टर्बो
त्याने वरच लिहिलंय, इंजिन आरसीवर आहे.

राजमहाल_रोड
इंजिन आहे, बाकीचं नाही. एकदा आरटीओत विचारून घ्या. आणि ऑटोक्रॉसला जाताना साधी पॉलिसी चालते असं समजू नका. शर्यतीतलं नुकसान त्यात सहसा धरत नाहीत.

हालोल_हायवे
डबा कुठला यापेक्षा ट्यूनर कोण ते आधी बघा. माझी गाडी एका नावाजलेल्या माणसाने ट्यून केली. डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) आकडा झकास आला, कागद फ्रेम करावा असा. नंतर एक्सप्रेसवेवर दोनदा गाडी लांबपर्यंत फुल दाबली आणि तिसऱ्या सिलिंडरची पिस्टन लँड तुटली. दुसऱ्याला दाखवायला गेलो तर मॅपला, म्हणजे ट्यूनिंगच्या फाईलला, पासवर्ड! आत किती ॲडव्हान्स दिलाय (स्पार्क किती आधी पडतो) ते बघताच येईना. तो माणूस आजही फोन उचलत नाही. पैसे द्यायच्या आधी मॅपची फाईल आपल्या पेनड्राइव्हमध्ये घ्या, उघडून बघा, लॉक नसल्याची खात्री करा.

मांजलपूर_१६व्ही
म्हणून म्हणतो, हॉल्टेक.

जुनी_जिप्सी
हल्ली ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोल) मुळे सगळ्यांचीच गाडी खराब चालते. मायलेजची पार वाट लागलीय.

सयाजीगंज_सर्किट
ई२० चा इथे संबंध आहे, पण वेगळा. शुद्ध पेट्रोलला एएफआर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) १४.७ धरतात, ई२० ला तो साडेतेराच्या आसपास येतो. पण पेट्रोलवर सेट केलेला मीटर ई२० लाही योग्य मिश्रणाला १४.७ च दाखवतो, त्यामुळे एएफआरचे आकडे गोंधळात टाकतात. वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा मीटर) घ्या, बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर असलेला, आणि आकडे लॅम्डात वाचा, इंधन कुठलंही असो, योग्य मिश्रण म्हणजे लॅम्डा १. बजेटमधून सगळ्यात आधी त्याचे पैसे बाजूला काढा.

मी अशा गाड्यांचं वायरिंग करते. बिघाड बहुतेक वेळा डब्यात नसतो, ट्रिगर (क्रँकची जागा सांगणारा सिग्नल) आणि अर्थिंगमध्ये असतो. डिस्ट्रिब्युटर काढून क्रँक पुलीवर ३६-१ चं चाक लावा, म्हणजे ३६ दात आणि त्यातला एक गाळलेला. ती रिकामी जागा आली की ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं. सेन्सर हॉल इफेक्टवाला घ्या. त्याची वायर शील्डेड असू द्या, शील्ड ईसीयूच्या बाजूलाच अर्थ करा. कॉइलच्या वायरींपासून ती लांब ठेवा. इंजेक्टर मल्टिमीटरवर मोजा: १२ ओहमच्या आसपास असले तर ठीक, २-३ आले तर साध्या ड्रायव्हरला परस्पर जोडू नका, जळतील.

गाडी पहिल्यांदा चालू झाली की सॉफ्टवेअरमध्ये स्पार्कचं टायमिंग १० डिग्रीवर लॉक करा आणि टायमिंग लाइट पुलीवर मारा. तिथे १० दिसलं नाही तर टेबलातला एकही आकडा खरा नाही. हे न करता डायनोवर जाऊ नका.

डब्याचं म्हणाल तर आधी ट्यूनर ठरवा, आणि तो रोज ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो तोच डबा घ्या.

छाणी_टर्बो
ताईंनी बरोबर सांगितलं. ट्यूनर आधी. आणि लिंक.

वाघोडिया_व्हीटेक
एवढ्या खर्चात जुनी होंडा सिटी व्हीटेक आली असती. जन्मतः १०६ बीएचपी, काही करायलाच नको.

करेलीबाग_एस्टीम
व्हीटेकचा विषय इथे नको, प्लीज.

सगळ्यांचे आभार. दोघा ट्यूनरशी फोनवर बोललो. एक फाईल द्यायला तयार नाही, दुसरा फक्त महागड्या डब्यांवर काम करतो. म्हणून स्पीडुइनो हा स्वस्तातला ओपन-सोर्स ईसीयू मागवतोय आणि ट्यूनिंग स्वतः शिकणार आहे. ट्यूनरस्टुडिओ या ट्यूनिंग सॉफ्टवेअरची पैसे भरून मिळणारी आवृत्ती घेतोय, तिच्यात वाइडबँडवरून पेट्रोलचं टेबल सुधारतं. इग्निशनला मात्र घाई नाही, ॲडव्हान्स कमीच ठेवणार. ताई, ३६-१ चं चाक मॅनिफोल्डवाल्याकडेच कापायला टाकलंय. सेन्सरचा गॅप किती ठेवू?

सयाजीगंज_सर्किट
निर्णय मला पटलेला नाही, डायनोवर एकदा तरी जायलाच हवं. गॅप १ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. चाक बसवल्यावर डायल गेज लावून वाकडं फिरत नाही ना ते बघा.

मांजलपूर_१६व्ही
सहा महिने थांबला असतास तर बरं झालं असतं.

जुनी_जिप्सी
काढलेला डिस्ट्रिब्युटर विकणार का? माझ्या ओळखीत एक बलेनोवाला शोधतोय.