मदत हवी आहे : कालयंत्राच्या सेटवरील प्रकाशस्तंभाचे चित्रण

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेसाठी कालयंत्राच्या अंतर्भागाचा सेट उभारताना आलेल्या एका अडचणीवर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेत १९६३ पासून कालयंत्रातील षट्कोनी नियंत्रण-मेजाच्या मध्यभागी वर-खाली होणारा पारदर्शक स्तंभ दिसत आला आहे. यंत्र चालू असल्याचे एकाही संवादाविना कळते, म्हणून ती कल्पना मला आजही अत्यंत समर्पक वाटते. आमच्या सेटवरही असाच ॲक्रिलिकचा स्तंभ असून आत एलईडी पट्ट्या आहेत. डोळ्यांना प्रकाश स्थिर दिसतो, परंतु सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवून चित्रण करताना, विशेषतः प्रकाश मंद केल्यावर, चित्रात आडवे काळे पट्टे सरकतात. प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर पीडब्ल्यूएम पद्धतीचा, म्हणजे दिवे अतिवेगाने चालू-बंद करणारा, असल्यामुळे हे घडते. अशा वेळी अधिक वारंवारतेचा डिमर घ्यावा, की विद्युतप्रवाहच कमी करणारा? शिवाय वक्र ॲक्रिलिकवर कॅमेऱ्याचे प्रतिबिंब उमटते, आणि पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा भिंगावरील फिल्टर, लावला तरी ते पुसले जात नाही. स्तंभाचा उजेड कलाकारांच्या चेहऱ्यांवर खरोखर खेळायला हवा, त्यामुळे तो संगणकावर नंतर जोडण्याची माझी इच्छा नाही. हे प्रतिबिंब सेटवरच टाळण्याचा मार्ग कोणी वापरला असल्यास कृपया सविस्तर कळवावे.