घरच्या किरकोळ कामाला इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा का?

चिरेबंदी (पेडणे)
घर जुनं, चिऱ्याचं. पावसाआधी पडवीचे पत्रे बघायचे, चवथीला माटोळीची (गणपतीवर फळं-भाज्या बांधायची) चौकट टांगायची, अधूनमधून बिजागऱ्या. हाताने स्क्रू पिळून मनगट दुखायला लागलंय. बॅटरी-चार्जर धरून दहा हजारांच्या आत बसवायचंय. इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ठोके देत स्क्रू पिळणारं बॅटरीचं यंत्र, त्यात बॉशचा १२ व्होल्टचा जीडीआर १२० मनात भरलाय, टॉर्क (पिळायचा जोर) १०० न्यूटन-मीटर. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.

माडाखाली (फोंडा)
माझी आहे. आमच्या देवघराचं दार फणसाच्या लाकडाचं, बिजागऱ्यांना पितळी स्क्रू. शेजाऱ्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणून लावला. शेवटच्या अर्ध्या आट्याला कडकड झाली आणि डोकं तुटून हातात आलं, दांडी लाकडात तशीच. मेस्ताने (सुताराने) पटाशीने भोवतालचं लाकूड कोरून ती काढली. तो खड्डा आजही दिसतो.

इम्पॅक्टला क्लच, म्हणजे जोर आवरणारा भाग, नसतो. साध्या ड्रिल-ड्रायव्हरला पुढे आकड्यांची रिंग असते. ठरवलेला जोर आला की तो खटखट करून सुटतो. बिजागरी, प्लायवूड, पडद्याचा रॉड, या कामांना ताकद नव्हे, आवर लागतो. त्याच कंपनीचा ३० न्यूटन-मीटरचा ड्रिल घरात पुरून उरतो. आणि इम्पॅक्ट नाव ऐकून भिंतीला भोकं पाडता येतील असं वाटत असेल तर तेही नाही. त्याचा ठोका फिरण्याच्या दिशेने बसतो, पुढे नाही. स्लॅबला हॅमर ड्रिलच हवा.

साकव (डिचोली)
ते दार यंत्राने बिघडलं नाही, घाईने बिघडलं. पितळ मऊ. आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढायचा, आणि पितळी शेवटी हाताने. कुठलाही जुना मेस्त असंच करतो.

चिरेबंदींनी मनगट दुखतं म्हटलंय, ते कुणी वाचलंच नाही. लांब स्क्रू अडकला की ड्रिल स्वतःच फिरायला बघतो आणि सगळा पीळ मनगटावर येतो. इम्पॅक्टमध्ये आतला हातोडा ठोके देत फिरवतो, म्हणून हाताला झटका जवळपास लागत नाही. त्यातून आपल्याकडची खारी हवा! पत्र्याचे स्क्रू चार पावसाळ्यांत गंजून बसतात. खाचेतला गंज खिळ्याने खरवडायचा, बिट (यंत्राचं पुढचं टोक) घट्ट दाबायचा आणि हळूहळू ट्रिगर. ड्रिलने सुटत नाहीत ते असे सुटतात.

माडाखाली (फोंडा)
मनगटाचं मान्य. गंजलेले काढायला इम्पॅक्ट, हेही मान्य. पण नवे बसवताना? पत्र्याच्या स्क्रूखाली रबरी वॉशर असतो. तो जेमतेम दबला की थांबायचं. इम्पॅक्टने क्षणभर जास्त गेलं की वॉशर फुगून चिरतो आणि पहिल्याच पावसात पडवीत ठिबकायला लागतं. नवखा माणूस दहातले तीन तरी असे फोडणार, हे मी लिहून देतो.

रानवाट (वाळपई)
मध्येच एक. दुकानात २० व्होल्ट लिहिलेला दाखवून १८ वाल्यापेक्षा जास्त पैसे मागतील, देऊ नका. दोन्हीत पाचच सेल, ३.६ व्होल्टचे, म्हणजे १८. नुकतं चार्ज केल्यावर २० भरतात, एवढंच. त्यापेक्षा एकाच कंपनीचा ड्रिल त्याच बॅटरीवर चालतो का ते विचारा. पुढे नुसतं यंत्र घेऊन भागतं. पावसाळाभर वापर नसेल तर बॅटरी निम्मी चार्ज करून कोरड्या डब्यात ठेवा.

चिरेबंदी (पेडणे)
आत्ता शिडी लावून मोजून आलो. पडवीला ६४ स्क्रू, निम्म्याहून जास्त तांबडे पडलेत. घरातल्या बिजागऱ्या सगळ्या धरून नऊ. इम्पॅक्टच घेतो. नवे स्क्रू यंत्राने वॉशर टेकेपर्यंतच, शेवटचा आटा पान्याने. माडाखाली, पितळी स्क्रूंना यंत्र लावणार नाही, शब्द देतो. नवे स्टेनलेसचे घ्यायचेत. म्हापशात चांगले कुठे मिळतात?

साकव (डिचोली)
स्टेनलेसमध्ये ३१६ ग्रेडचे मागा. समुद्र जवळ असला की ३०४ वरही डाग धरतात.