उरुळीकांचन शेवटी ठेवा

आधी निसर्गोपचार उरकावेत आणि ताजंतवानं होऊन मग लेकीकडे, जुन्या मित्रांकडे जावं, असं या चर्चेत आधी कुणीतरी सुचवलंय. तिन्ही गोष्टी एका फेरीत बसवायची कल्पना छानच, पण हा क्रम मला पटत नाही. आम्ही दोघं उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात राहून आलोय (गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला, पुणे-सोलापूर रस्त्यावरचा). पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान (कमरेपर्यंत पाण्यात बसणं), फळांचे रस, उकडलेल्या भाज्या. पोट त्यालाच सरावतं. तिथून थेट व्याह्यांकडे गेलात की ताटात पुरणपोळी आणि वर तुपाची धार. नको म्हटलं तर विहीणबाई हिरमुसतात, खाल्लं तर रात्रभर जळजळ. म्हणून पाहुणचार आधी, आश्रम शेवटी, आणि नंतर थोडे दिवस आपल्याच घरी मऊ भात नि मुगाचं वरण.

आणखी एक, मधुमेहाबद्दल चर्चेत कुणीच लिहिलं नाही. औषधं चालू असताना रसाहार घेतला तर साखर एकदम उतरू शकते. ह्यांच्या इन्सुलिनचं काय करायचं ते आमच्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच लिहून घेतलं होतं, आणि तो कागद आश्रमातल्या डॉक्टरांना पहिल्याच तपासणीत दाखवला.