मदत हवी आहे: दुर्बिणीच्या ऑपरेशनात गाठ बाहेर काढतात कशी?

नमस्कार. आम्ही वणीजवळच्या खेड्यातले. वहिनी ४६ वर्षांच्या, गर्भाशयात ९ सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ, अंगावरून इतकं जातं की हिमोग्लोबिन ८ वर आलं. नागपूरचे डॉक्टर दुर्बिणीतून गर्भाशय काढू म्हणतात. कापसाची वेचणी तोंडावर, त्यामुळे वहिनींनाही तेच हवंय.

पण एवढी गाठ बोटभर छिद्रातून निघणार कशी? विचारलं तर "मशीननं तुकडे करून," एवढंच उत्तर. वाचलं तर धडकी भरली. गाठीत न दिसलेला कॅन्सर असला तर मोरसेलेटरनं (म्हणजे त्याच तुकडे करायच्या मशीननं) तो पोटभर पसरू शकतो. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये सांगितलं की फायब्रॉइडसाठी ऑपरेशन होणाऱ्या अंदाजे ३५० बायांत एकीला असा लपलेला कॅन्सर असतो, २०२० मध्ये तुकडे पोटात घालायच्या बंदिस्त पिशवीतच करा असं म्हटलं. पाळी गेलेल्या किंवा पन्नाशी ओलांडलेल्या बायांना तर मशीन नकोच, असाही इशारा आहे.

नागपूर, सेवाग्राम, चंद्रपूरकडे कोणाचं गर्भाशय अशा बंदिस्त पिशवीत तुकडे करून किंवा योनीमार्गे काढलंय का? पिशवीचा खर्च वेगळा लागला का? आधी बायोप्सी, एमआरआय केलं होतं का? वहिनी म्हणतात, "पोट फाडलं तरी चालेल, पण नीट काढा." डॉक्टरांना नेमकं काय विचारू?