अथेन्सला एकट्यानं जाताना : तुमचे अनुभव सांगा

अंगणातली जाई :

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी अथेन्सला चालले आहे. एकटीच, सहा रात्रींसाठी. सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लोकशाहीचा धडा आला की फळ्यावर ॲक्रोपोलिसची टेकडी काढायचे. आता निवृत्त झाले, म्हणून ती टेकडी डोळ्यांनी बघायची ठरवली. यजमानांना गुडघ्यांमुळे जमणार नाही. "तू जाऊन ये" असं म्हणत त्यांनीच मागे लागून तिकीट काढायला लावलं.

बघायच्या जागांची यादी कुठेही मिळते, माझ्याकडेही आहे. मला विचारायचंय ते निराळं. सोबतीला कोणी नसताना दिवस कसा लावायचा? दुपारी खोलीवर जाऊन पाठ टेकावी की बाहेरच कुठे बसावं? शाकाहारी बाईनं रात्री एकटीनं कुठे जेवावं? काय सोडून दिलं तरी चालेल? एकटे जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा. काही चुकलं असेल तर तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

उन्हाळवाट :

जाईताई, मग चुकलेलंच आधी सांगतो. मी नागपूरचा, उन्हात वाढलेला, त्यामुळे जुलैत जायला बिचकलो नाही. ॲक्रोपोलिसच्या तिकिटावर तारखेबरोबर वेळही छापलेली असते. सप्टेंबर २०२३ पासून तसा नियम आहे आणि दिवसाला २०,००० माणसांनाच वर सोडतात. मी साडेअकराची वेळ घेतली. त्या आठवड्यात उष्णतेची लाट आली आणि दुपारी बारा ते पाच टेकडी बंद ठेवायचा हुकूम निघाला. माझ्या वाट्याला जेमतेम पंचवीस मिनिटं आली, त्यातली निम्मी डोळ्यांवर हात धरण्यात गेली. वर सावली अशी नाहीच आणि संगमरवर खालून ऊन परत फेकतो.

दोन दिवसांनी पुन्हा पैसे भरले आणि सकाळी आठची पहिली वेळ घेतली. पश्चिमेच्या मुख्य दारावर बसमधून उतरलेल्या गटांची गर्दी असते. दक्षिण-पूर्वेला डायोनिससच्या प्राचीन नाट्यगृहाजवळ दुसरं दार आहे, 'अक्रोपोली' मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटांवर. तिथून चढा. वाटेतला दगड इतक्या पावलांनी झिजलाय की जुन्या देवळाच्या उंबरठ्यासारखा गुळगुळीत झालाय. माझ्यापुढे चाललेल्या एक बाई कोरड्या दगडावरून घसरून पडल्या. रबरी तळव्याचे, पायात बसलेले जुने बूट न्या.

पार्थेनॉन या माथ्यावरच्या देवळाजवळ गेलात की दगडांचे दोन रंग दिसतील. मधासारखा पिवळसर तो जुना, पांढरा तो डागडुजीचा. डोंगर मात्र तोच, पेंटेली. इ.स. १६८७ मध्ये तुर्कांनी आत बंदुकीची दारू साठवली होती, व्हेनिसच्या तोफगोळ्यानं ती पेटली आणि दोन हजारांहून जास्त वर्षं उभी असलेली इमारत मधोमध फुटली. हे वाचलेलं होतं. पण खाली गवतात रांगेनं मांडून ठेवलेले, क्रमांक घातलेले तुकडे बघितले तेव्हा घशाशी आलं.

रानभाजी :

जेवणाची काळजी सोडून द्या काकू. एकच शब्द पाठ करा, 'निस्तीसिमो'. म्हणजे उपासाचं. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक वर्षातले कितीतरी दिवस उपास धरतात आणि त्यात मांस, अंडी, दूध काही चालत नाही. शिंपल्या आणि कोळंबी मात्र चालते, तेवढं विचारून घ्यायचं. हा शब्द उच्चारला की वाढणाऱ्याचा चेहरा बदलतो. तुम्ही काहीतरी विचित्र मागताय असं त्याला वाटत नाही, त्याच्या आजीच्या घरचं मागताय असं वाटतं.

मी आठ दिवस राहिले. 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. 'गिगांतेस' हे पावट्याच्या दुप्पट आकाराचे दाणे टोमॅटोच्या रश्शात भाजलेले. 'येमिस्ता' म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. कधी त्यात खिमा असतो, म्हणून 'होरीस क्रेआस' म्हणायचं, मांसाशिवाय. आणि 'होर्ता'! रानातला पाला नुसता उकडून वर तेल आणि लिंबू. पहिल्या घासाला मला पावसाळ्यातली आमच्या जव्हारकडची भाजी आठवली, तोच किंचित कडवटपणा. सकाळी रस्त्यावर तिळाची गोल 'कुलुरी' मिळते, एक पर्समध्ये असू द्या. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

तिथली माणसं रात्री नऊनंतर जेवतात. तुम्ही साडेसातला गेलात तर एकट्या माणसालाही चांगलं टेबल मिळतं आणि स्वयंपाकघरातल्या माणसांना बोलायला सवड असते. दारात उभं राहून हाका मारणारी हॉटेलं टाळा. कुकाकी भागातल्या एका छोट्या खानावळीत मी चार रात्री गेले. तिसऱ्या रात्री मालकीणबाईंनी न मागता एक वडी पुढे ठेवली. रव्याचा हलवा, तेलात भाजलेला, दालचिनी घातलेला. आपला शिराच. कृती विचारली तर त्यांनी बोटांवर मोजून दाखवली : एक, दोन, तीन, चार. एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. मी आता घरी तसाच करते, साखर तेवढी कमी.

अजून एक. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो आणि 'ओही' म्हणजे नाही. आपल्या कानाला 'ने' नकारासारखा लागतो. पहिले दोन दिवस मी "आहे का?" विचारून, त्यांचं "ने" ऐकून परत फिरत होते.

जुन्नरी :

टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या प्राचीन अगोरासाठी, म्हणजे जुन्या बाजारचौकासाठी, अख्खी सकाळ ठेवा. बहुतेक जण टेकडी उतरून थकलेले असतात आणि तिथे अर्ध्या तासात उरकतात. इतिहासाच्या बाईंनी असं करू नये असं मला मनापासून वाटतं. हेफेस्टसचं देऊळ छपरासकट उभं आहे. समोर अटालसची ओवरी आहे, १९५० च्या दशकात पुन्हा बांधलेली, आणि तिच्यात संग्रहालय. त्यात खापरं आहेत, घरात फुटलेल्या मडक्यांची असतात तशीच, आणि त्यांवर माणसांची नावं खरवडलेली. ज्याच्या नावाची खापरं जास्त पडतील त्यानं दहा वर्षं शहर सोडायचं. अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीस याचं नाव असलेलं खापर माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होतं. काचेच्या अलीकडे मी किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. शेजारी भाषणाची वेळ मोजायचं पाण्याचं घड्याळ आहे, मातीची साधी भांडी. सहा मिनिटं, मग पाणी संपलं.

मी जुन्नरचा, म्हणून हेही लिहितो. आमच्याकडच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत, इरिल नावाच्या एका यवनानं पाण्याची दोन टाकी दिल्याची नोंद आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवरही धेनुकाकटच्या यवनांची नावं आहेत. यवन हा शब्द आयोनियन ग्रीकांवरून आला. लहानपणी ती अक्षरं बोटानं चाचपलेला मी इथे दुसऱ्या मातीवरची अक्षरं बघत होतो. सोबत कोणी असतं तर "चला आता" म्हटलं असतं. एकट्यानं गेल्याचा मला झालेला सर्वांत मोठा फायदा हाच.

अंगणातली जाई :

किती छान लिहिताय सगळे. वहीत उतरवून घेतेय. ते खापर आता माझ्या यादीत पहिलं. रात्री परतताना आणि मेट्रोत पैसे-फोन सांभाळण्याबद्दलही कोणी सांगाल का? लेक त्याच एका गोष्टीनं अस्वस्थ आहे.

निळी शाल :

काकू, माझं पाकीट गेलं होतं, म्हणून मीच सांगते. विमानतळावरून येणारी मेट्रो, सामानासकट उभी, सिंतग्मा स्थानक आलं आणि दारात तिघा-चौघांनी एकदम कोंडी केली. कोणी चढत नव्हतं, कोणी उतरत नव्हतं. दार बंद झालं तेव्हा पर्सची चेन उघडी होती. पैसे साठ युरो आणि एक कार्ड. पासपोर्ट कुर्त्याच्या आतल्या पिशवीत होता म्हणून बाकीची सहल वाचली.

फलाटावरच्या बाकावर बसून मी आधी कार्ड बंद केलं आणि मग रडले. हा क्रम बरोबर होता, तोच ठेवा. पर्यटकांसाठी पोलिसांचा वेगळा क्रमांक आहे, १५७१, इंग्रजीत बोलतात. विम्यासाठी तक्रारीचा कागद लागतो, तो त्यांच्याकडूनच मिळाला. दोन कार्डं दोन ठिकाणी ठेवा, एक खोलीवरच. मोनास्तिराकी ते ओमोनिया या पट्ट्यात पाठीवरची पिशवी पोटावर घ्या. दारात कोंडी दिसली की मागे सरा, दुसरी गाडी येते.

रात्रीचं म्हणाल तर चोरीखेरीज मला कशाचीच भीती वाटली नाही. प्लाका, कुकाकी, थिसिओ इथे रात्री अकराला आज्या नातवंडांना घेऊन बाहेर बसलेल्या असतात. राहायची जागा त्याच बाजूला घ्या. मी चार पैसे वाचवायला ओमोनियाच्या मागच्या गल्लीत घेतली होती आणि रोज संध्याकाळी तिथे परतायची वेळ आली की मन खट्टू व्हायचं. एकट्या माणसाला परतीची वाट आवडली पाहिजे.

धावती भेट :

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी दुपारी एक वाजता उघडतं. मी सकाळी नऊला बंद दारासमोर उभा होतो. अगामेम्नॉनचा म्हणतात तो सोन्याचा मुखवटा आणि समुद्रातून वर काढलेलं अँटिकिथेराचं दातेरी चाकांचं यंत्र दोन्ही तिथेच, चुकवू नका.

बंदरावरचा :

मी रत्नागिरीचा, जहाजावर इंजिनात काम करतो. पिरेअसला, अथेन्सच्या बंदरात, करार संपवून उतरलो आणि चार दिवस अथेन्सला राहिलो. त्यांचा गुड फ्रायडे आला होता. त्यांचं ईस्टर आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरपेक्षा बहुतेक वर्षी वेगळ्या तारखेला येतं, वसंतात जाणाऱ्यांनी ते आधी बघून घ्यावं, पुष्कळ ठिकाणं बंद किंवा अर्धवेळ असतात. माझी बघायची ठिकाणं गेली. पण दिवसभर चर्चच्या घंटा एकेक ठोका देत होत्या, आणि रात्री फुलांनी मढवलेली ख्रिस्ताची तिरडी खांद्यांवर घेऊन मिरवणूक निघाली. बायका-पोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या. बोलणं जवळजवळ नाहीच. मी कडेला उभा होतो तर एका आजींनी स्वतःच्या पिशवीतून मेणबत्ती काढून माझ्या हातात दिली, आपल्या ज्योतीवर पेटवून दिली आणि पुढे झाल्या. मी शेवटपर्यंत चालत गेलो. मेण बोटांवर गळून घट्ट झालं होतं, ते खोलीवर जाईपर्यंत काढलं नाही. सात महिने घराबाहेर होतो.

ताई, एक दिवस एजिना बेटावर जा. पिरेअसहून वेगवान बोट चाळीस मिनिटांत नेते, पण तुम्ही मोठ्या फेरीबोटीनं जा. सव्वा तास लागतो, उघड्या डेकवर बसता येतं. बेटावर पिस्त्याच्या बागा आहेत. शहराच्या तापलेल्या दगडातून सुटका होते.

कागदपत्री :

व्हिसाचं काम तुमचं झालं असेलच, पुढच्यांसाठी लिहिते. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोचं विमा संरक्षण लागतं. एकट्या बाईनं जाताना रोजचा कार्यक्रम नीट लिहून जोडा. एका मध्यस्थानं माझ्याकडून तोच लिहून द्यायचे चार हजार घेतले आणि त्यात चक्क दुसऱ्याच बेटाचं नाव निघालं. आपला कागद आपण लिहावा.

अंगणातली जाई :

परत येऊन दहा दिवस झाले. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठची वेळ, खालचं दार, जुने बूट. अकराला उतरले आणि तडक ॲक्रोपोलिस संग्रहालयात गेले. उन्हाच्या वेळी तिथे थंडाव्यात असणं फार बरं. सगळ्यांत वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पपट्टी मूळ क्रमानं लावली आहे : इथे आहेत ते मधाच्या रंगाचे मूळ दगड, लंडनला नेले आहेत त्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती. एका घोड्याचं धड पांढरं आणि पाय पिवळे असे तुकडे जोडलेले दिसतात. खालच्या मजल्यावर डोक्यावर छप्पर पेलणाऱ्या पाच दगडी मुली उभ्या आहेत आणि लंडनला नेलेल्या सहावीची जागा मोकळी ठेवली आहे. त्या मोकळ्या जागेपुढे मी बसून राहिले.

डेल्फीचं प्राचीन देवस्थान सोडून दिलं. जायला-यायला प्रत्येकी तीन तास, जीव धजेना, आणि त्याचं दुःख नाही. एजिनाला मोठ्या फेरीबोटीनं गेले. रानभाजी, तुमची होर्ता तीन वेळा खाल्ली. जुन्नरी, तुमचं खापर सापडलं.

एक अडचण कोणी लिहिली नव्हती. पहिल्या दोन रात्री जेवून आल्यावर घरी फोन करायचा तर अथेन्सला साडेनऊ म्हणजे घरी बारा. यजमान झोपलेले. दिवसभर बघितलेलं पोटात तसंच राहायचं आणि झोप लागायची नाही. मग वेळ बदलली. संध्याकाळी पाचला, घरी साडेसात वाजता, जिथे असेन तिथल्या बाकावर बसून फोन लावायचा. तेवढ्यानं सगळं सुरळीत झालं.

शेवटच्या संध्याकाळी पनिक्सच्या टेकडीवर गेले. प्राचीन अथेन्सच्या नागरिकांची सभा इथे भरायची. वक्त्याचा चौथरा खडकातच कोरलेला आहे, दोरीच्या अलीकडून बघायचा. इथे बायकांना आणि गुलामांना जागा नव्हती, हे मी दर वर्षी वर्गात सांगायचे. त्या उतारावर मी एका दगडावर बसले, पाणी प्यायले, यजमानांना फोन लावून समोरची टेकडी दाखवली. फोन ठेवल्यावर वही काढली. फळ्यावर मी ती टेकडी नेहमी टोकदार काढत आले, वर एक देऊळ. ती तशी नाही. आपल्या किल्ल्यांसारखी कडेनं तुटलेली आणि माथ्याला सपाट आहे. पार्थेनॉनवर दिवे लागेपर्यंत बसून पेन्सिलीनं पुन्हा काढली.