वीटभट्टीवर झालेलं बाळ कोणत्या रकान्यात लिहायचं?

मोखाडा_सर्वेवाली
बालमृत्यूंच्या एका अभ्यासासाठी मोखाड्यातल्या पाड्यांवर घरोघर फिरते. वर्षभरात घरात कोण जन्मलं, कोण गेलं, एवढंच विचारायचं. पण दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलपं. माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, परततात ती पावसाच्या तोंडावर.

परवा एक बाई भेटली. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, म्हणून सातव्या महिन्यातच नवऱ्याबरोबर गेली. बाळंत झाली भट्टीवरच्या झापात, रात्री. ती म्हणते, "एकदा कण्हलं, मग गप्प." सासू मधेच, "मेलेलंच झालं, ताई. लिही आणि जा." आशाताईंच्या वहीत ती अजून सातव्या महिन्याचीच गरोदर. भट्टीकडच्या नोंदीत तर ती नाहीच. माझ्या फॉर्मवर दोन चौकटी: मृतजन्म किंवा जिवंत जन्म. काय लिहू?

निवृत्त_नर्सबाई
पोरी, "जिवंत होतं का" असं विचारूच नकोस. त्याला सगळ्या "नाही" म्हणतात, विषय मिटतो. रडलं का, कण्हलं का, हातपाय हलवले का, नाळ उडत होती का, असं एकेक विचार. एकाला जरी "हो" आलं तरी जिवंत जन्म, आणि मग मृत्यू. दोन्ही नोंदी करायच्या. मृतजन्म लिहिलास तर ते बाळ अर्भकमृत्यूच्या आकड्यात येतच नाही.

सासू खोटं बोलते असं नाही. पोलीस येतील, दवाखान्यात का नेलं नाही म्हणतील, ही भीती. सुनेला एकटीला गाठ, पाण्यावर जाते तेव्हा. आणि नाळ कुणी कापली ते विचार. ती बाई बहुतेक शेजारच्याच पाड्यातली निघेल.

आकडेमोड
नर्सबाईंशी सहमत. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेने 1995 पासून 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी नवजात बाळांची काळजी घेतली: वजन, ऊब, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी कमी, 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सगळे तो 62 सांगतात. मला त्यामागची मोजणी जास्त भावते. गावात नोंदी ठेवणारा माणूस वेगळा, वर दर सहा महिन्यांनी घरोघर फेरी, सुटलेले जन्म-मृत्यू पकडायला.

तुमचं गणित उलटंही दिसेल. मोजणी सुधारली की पहिल्या वर्षी मृत्यू वाढलेले दिसतात आणि साहेब लोक घाबरतात. वहीत "स्थलांतर" हा रकाना आजच आखा: कधी गेली, कितवा महिना, कुठली भट्टी, कधी परतली.

मोखाडा_सर्वेवाली
काल परत गेले. नाळ कापणारी खरंच दोन पाडे सोडून राहते. मुकादमाने दिलेल्या ब्लेडने कापली. म्हणाली, "पाठ चोळली, दोन आचके दिले त्याने. मुलगा होता." जिवंत जन्म लिहिला, खाली मृत्यू, वय एक तासाच्या आत. सासू उंबऱ्यात बसून होती, काही बोलली नाही.

तिने त्याच भट्टीवरच्या आणखी दोन बाळंतिणी सांगितल्या, एक जव्हारची, एक विक्रमगडची. दोन्ही आमच्या यादीबाहेरच्या. त्या बाजूला कुणी काम करतं का इथे?