डोळ्यातली ‘सूज’ की ‘दाह’? आणि ‘अनाक्रमक’ तपासणी म्हणजे काय?

प्रश्न (दारव्हा तालुका): मायच्या कागदावर ‘युव्हायटिस’ लिहून आहे. गावात सारे म्हणतात, डोये आले. यवतमाळले ‘ओसीटी’ (डोयाच्या आतल्या थरांचा फोटो) काढाले सांगतलं. डॉक्टर ‘सूज’ म्हणतात, माहितीपत्रकात ‘दाह’ आहे, अन् तपासणी म्हणे ‘अनाक्रमक’. तिले कोणत्या शब्दात सांगू?

उत्तर (वर्धा, नेत्रविभागात काम): ‘डोळे आले’ हा शब्द आधी सोडा. डोळे येतात ते बाहेरच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणाला. युव्हायटिस हा आतला दाह: बाहुलीभोवतीच्या रंगीत भागापासून मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरापर्यंत कुठेही. तो डोळे आल्यासारखा घरभर पसरत नाही. पण ‘आठ दिवसांत जाईल’ म्हणून लोक मेडिकलमधून थेंब आणतात आणि नजर गमावून बसतात.

सूज आणि दाह दोन्ही बरोबर, फक्त एकच नव्हेत. दाह म्हणजे आत चाललेली भडक. डोळ्याच्या आतल्या पाण्यात (अश्रूंत नव्हे) रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, त्या डॉक्टर स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर, बघतात. पुढच्या भागाच्या ओसीटीत त्याच चमकत्या ठिपक्यांसारख्या दिसतात. सूज हा त्या भडकेचा परिणाम. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध पाणी साचून जाडी वाढते, आणि ती ओसीटी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजून देते. म्हणून ‘सूज उतरली’ हे पुढच्या वेळी आकड्यावरून कळतं.

दुसरं उत्तर (अमरावती): आमच्याकडे ओसीटीला सर्रास ‘डोळ्याची सोनोग्राफी’ म्हणतात. कल्पना जवळची आहे, पण काउंटरवर तसं सांगू नका. खरी सोनोग्राफी पापणीवर जेल लावून होते, मोतीबिंदू किंवा रक्तामुळे आतलं दिसत नसेल तेव्हा. ओसीटीत आवाज नाही, अवरक्त प्रकाश असतो. परत आलेल्या प्रकाशाच्या मेळावरून थर उमटतात. 1991 साली हे तंत्र जगापुढे आलं. डोळ्याला काही टेकत नाही, हनुवटी ठेवून खुणेकडे बघायचं, झालं.

‘अनाक्रमक’ म्हणजे शरीरात काही न टोचता केलेली, पण हा शब्द मला मुळीच पटत नाही. आक्रमक तर उमेदवार असतात! ‘बिनसुईची’ म्हणा. हातात रंग टोचून डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात त्या अँजिओग्राफीपासून ती वेगळीही कळते.

प्रश्नकर्ता: मंग मायले सांगतो, डोये आले नाहीत, आतून भडकले, अन् पडद्याचा बिनसुईचा फोटो काढाचा आहे.

वर्धा: छान. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तर काही तास धूसर दिसतं. एसटीनं येणार असाल तर तिला एकटीला पाठवू नका.